काचेखालचा खेळ, जगभरचे प्रेक्षक

पिनबॉलच्या यंत्रात चेंडू शेवटी खालीच येतो. खेळाची फळी सुमारे साडेसहा अंशांनी उतरती असते. तिच्यावरून २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमच्या आसपास वजनाचा पोलादी चेंडू धावत असतो आणि तळाच्या दोन फ्लिपरांमधल्या फटीतून किंवा कडेच्या गल्ल्यांतून कधी ना कधी निसटतोच. खेळाडूंच्या भाषेत तो ‘ड्रेन’ होतो. दोन हातांखालची दोन बटणे आणि यंत्राला द्यायचा बेताचा धक्का, एवढ्या भांडवलावर हे निसटणे लांबवायचे असते. त्या अवधीत चेंडू चढावाच्या वाटांवरून न्यायचा, लक्ष्ये पाडायची, प्रसंगी तीनचार चेंडू एकदम सांभाळायचे आणि गुण साठवायचे. यंत्राला हरवण्याची सोय या खेळात नाही. खेळाडूला पुढे जाता येते ते फक्त दुसऱ्या खेळाडूच्या, आणि म्हणून पिनबॉलमध्ये स्पर्धा ही बाहेरून आणून चिकटवलेली गोष्ट वाटत नाही.

स्पर्धेचा साधा डाव असा चालतो. एका यंत्रावर बहुधा चार खेळाडू पाळीपाळीने खेळतात. प्रत्येकाला तीन चेंडू मिळतात, जुन्या यंत्रांवर पाच. पहिला चेंडू चौघांचा खेळून झाला की दुसरा. शेवटी ज्याचे गुण अधिक तो पहिला. गुणांचा आकडा स्वतः निरर्थक असतो. १९६० च्या दशकातल्या यंत्रावर चार आकडी गुणसंख्या भरघोस ठरते, तर १९९५ च्या ‘अटॅक फ्रॉम मार्स’वर अब्जावधी गुणांखेरीज कोणी बोलत नाही. त्यामुळे स्पर्धेत आकड्यापेक्षा क्रम मोजला जातो. चौघांच्या गटात पहिल्याला चार, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि शेवटच्याला शून्य ही वाटणी अनेक मोठ्या अंतिम फेऱ्यांत वापरली गेली आहे. एक गुणाने जिंकले काय किंवा एक अब्जाने जिंकले काय, हाती चारच येतात. शेवटी खेळणाऱ्याला आपल्याला नेमके किती गुण हवेत हे ठाऊक असते. त्याच्या तिसऱ्या चेंडूवरच सामन्यातला सगळा ताण एकवटतो.

या खेळाचा पूर्वज फ्रान्समधला बागातेल. खिळे ठोकलेल्या पाटीवर गोट्या उडवण्याचे जे खेळणे आपल्याकडे मुलांना मिळत असे, तेही याच घराण्यातले. १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने चेंडू सोडण्यासाठी स्प्रिंगच्या दांड्याचे पेटंट घेतले. १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलिबचे ‘बॅफल बॉल’ आले. मंदीच्या काळात एका नाण्यात मिळणारी ही करमणूक तुफान खपली आणि शिकागो हे या उद्योगाचे माहेरघर बनले, ते आजतागायत. त्या यंत्रांना फ्लिपर नव्हते. चेंडू सोडला की तो खिळ्यांना आपटत खाली येई आणि खेळाडूने फार तर यंत्र हलवावे. दुकानदार जिंकणाऱ्याला बक्षीस देत, कित्येकदा रोख पैसेही. साहजिकच हा जुगार आहे अशी ओरड झाली.

न्यूयॉर्कचे महापौर फियोरेलो ला गार्डिया यांनी जानेवारी १९४२ मध्ये बंदी आणली. पोलिसांनी धाडी घालून हजारो यंत्रे जप्त केली आणि महापौर स्वतः हातात घण घेऊन ती फोडत असल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली. पुढच्या काळात ला गार्डियांची पुष्कळ टिंगल झाली, पण त्यांच्या समोरच्या यंत्रांपुरता आरोप फारसा खोटा नव्हता. फ्लिपर आले ते १९४७ मध्ये, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात. हॅरी मॅब्झ याच्या त्या रचनेत फळीच्या दोन्ही कडांना मिळून सहा फ्लिपर होते. पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉर्डेकने ‘ट्रिपल ॲक्शन’मध्ये दोनच फ्लिपर तळाशी बसवले. आजची मांडणी तिथून सुरू होते आणि कौशल्याचा खेळ म्हणून पिनबॉलचे वयही तिथूनच मोजावे लागते. कायद्याला मात्र हा बदल दिसायला तीसेक वर्षे लागली.

न्यूयॉर्कची बंदी उठली १९७६ मध्ये. नगरपरिषदेच्या समितीपुढे यंत्र उद्योगाच्या बाजूने साक्ष द्यायला रॉजर शार्प हा तरुण पत्रकार उभा राहिला. सभागृहात दोन यंत्रे आणून ठेवली होती, एक खेळायचे आणि एक अडीअडचणीला. पहिल्या यंत्रात काही काळेबेरे असेल या संशयाने एका सदस्याने राखीव यंत्रावर खेळायला सांगितले. शार्प खेळू लागला, पण समितीचे समाधान होईना. शेवटी त्याने स्प्रिंगचा दांडा हातात धरला आणि जाहीर केले की आता चेंडू वरच्या वाटांपैकी मधल्या वाटेतून जाईल. दांडा सुटला, चेंडू वर गेला, घुटमळला आणि मधल्याच वाटेतून खाली आला. समितीने बंदी उठवण्याच्या बाजूने कौल दिला. या फटक्यात नशिबाचाही वाटा होता हे शार्पने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. कौशल्य सिद्ध करण्यासाठी त्याने निवडला तोही नेमका फ्लिपरांच्या आधीच्या काळातला, स्प्रिंगचा फटका. या प्रसंगावर २०२२ मध्ये चित्रपटही निघाला.

खरे कौशल्य स्प्रिंगपाशी संपत नाही, तिथून सुरू होते. नवखा खेळाडू चेंडू जवळ आला की दोन्ही बटणे एकदम दाबतो. मुरलेला खेळाडू पुष्कळदा काहीच दाबत नाही. वेगाने येणारा चेंडू खाली पडलेल्या फ्लिपरवर आपटू द्यायचा, तो उसळून पलीकडच्या फ्लिपरवर जातो आणि वेग हरवून बसतो. याला ‘डेड बाउन्स’ म्हणतात. चेंडू फ्लिपरवर टेकण्याच्या क्षणीच फ्लिपर उचलून त्याला जागच्या जागी थिजवणे म्हणजे ‘लाइव्ह कॅच’. उचललेला फ्लिपर चेंडू येताच सोडून देऊन त्याचा जोर मारणे म्हणजे ‘ड्रॉप कॅच’. या सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच. धावता चेंडू उचललेल्या फ्लिपरच्या कुशीत आणून थांबवायचा, श्वास घ्यायचा, गुणफलक पाहायचा आणि मग नेम धरून मारायचे. उत्तम खेळाडूच्या खेळात म्हणूनच थांबणे जास्त असते. पाहणाऱ्याला तो संथ वाटतो, आणि धांदलीने खेळणाऱ्याचा डाव मात्र अधिक रंगतदार भासतो.

दुसरे अंग धक्क्याचे. कॅरमच्या बोर्डाला धक्का लागला तर डाव बिघडला म्हणतात, इथे बेताने धक्का देणे ही शिकण्याची विद्या आहे. कडेच्या रबराला चेंडू लागत असतानाच यंत्र बोटभर सरकवले तर चेंडू बाहेरच्या गल्लीऐवजी आतल्या गल्लीत वळतो. याला लगाम आहे तो ‘टिल्ट’चा. यंत्राच्या पोटात धातूच्या कड्यात एक लोलक टांगलेला असतो. तो कड्याला टेकला की आधी इशारे मिळतात, बहुधा दोन, आणि त्यानंतर चेंडू बाद होतो. फ्लिपर मरतात, दिवे विझतात. स्पर्धेसाठी यंत्रे तयार करताना हा लोलक मुद्दाम हळवा ठेवतात, कडेच्या गल्ल्या रुंद करतात आणि फुकटचा जादा चेंडू बंद करतात. घरी अर्धा तास चालणारा डाव स्पर्धेत पाचसात मिनिटांत आटोपतो तो यामुळे. हलवण्याचे काही प्रकार नियमानेच निषिद्ध आहेत. बाहेरच्या गल्लीत शिरलेला चेंडू जबर दणक्याने परत खेळात आणण्याला ‘डेथ सेव्ह’ म्हणतात. तो पाहायला विलक्षण असतो, पण यंत्राचे पाय आणि खेळाडूचे मनगट दोन्ही त्यात जातात, म्हणून स्पर्धेत त्याला मज्जाव आहे.

संघटित स्पर्धेची सुरुवात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे आर्केडमध्ये झाली. त्याचा मालक स्टीव्ह एप्स्टाइन आणि रॉजर शार्प यांनी ‘पापा’ ही संघटना काढली. व्यावसायिक आणि हौशी पिनबॉल संघटना असे तिचे पूर्ण नाव. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये भरली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पिनबॉलची भरभराट होती. १९९२ च्या ‘ॲडम्स फॅमिली’ची वीस हजारांवर यंत्रे विकली गेली आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. पण व्हिडिओ खेळांपुढे धंदा झपाट्याने आटला. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम्स या बलाढ्य कंपनीने पिनबॉल विभागाला टाळे ठोकले आणि त्यानंतर बरीच वर्षे गॅरी स्टर्न यांची शिकागोची कंपनी तेवढी तग धरून होती. ‘पापा’ही मध्यंतरी थंडावली होती. केव्हिन मार्टिन या उद्योजकाने ती पिट्सबर्गजवळ पुन्हा उभी केली. २००४ च्या आयव्हन चक्रीवादळाच्या पुरात तिथली शेकडो यंत्रे पाण्याखाली गेली, तरी त्याने संग्रह नव्याने जमवला.

याच पिट्सबर्गमध्ये ‘पिनबर्ग’ ही स्पर्धा वाढली आणि २०१५ पासून शहराच्या मोठ्या अधिवेशन केंद्रात भरू लागली. तिची रचना वारंवार सांगावी अशी आहे. चारचार खेळाडूंचे गट, प्रत्येक गटाला चार यंत्रांचा एक संच, आणि संचातले प्रत्येक यंत्र वेगळ्या काळातले. एक घंटा वाजवणारे, रिले आणि चाकांवर चालणारे जुने यंत्र, एक ऐंशीच्या आसपासचे पहिल्या पिढीचे इलेक्ट्रॉनिक आणि बाकीची पुढच्या काळातली. दोन दिवसांत दहा फेऱ्या, म्हणजे चाळीस डाव. पहिल्याला तीन, मग दोन, एक, शून्य. एकाच यंत्राचा घोटून अभ्यास केलेला खेळाडू इथे उघडा पडतो, कारण पुढच्या फेरीत त्याच्यापुढे त्याच्या जन्माआधीचे यंत्र असते आणि त्यावर नियम वाचायला छोटासा कागद तेवढा चिकटवलेला असतो. शेवटच्या वर्षांत ही स्पर्धा हजार खेळाडूंच्या घरात पोचली होती. २०२० ची पिनबर्ग महामारीने रद्द झाली आणि आयोजक प्रतिष्ठानाने आपला गाशाच गुंडाळला. त्यानंतर मोठ्या खुल्या स्पर्धेचा मान प्रामुख्याने दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ‘इंडिस्क’कडे गेला.

क्रमवारीचे काम आंतरराष्ट्रीय फ्लिपर पिनबॉल संघटना पाहते. संघटना जुनी, पण तिची आजची जागतिक क्रमवारी २००६ पासूनची आहे आणि ती चालवण्यात जॉश आणि झॅक शार्प या भावांचा वाटा मोठा आहे. दोघे रॉजर शार्पचे मुलगे आणि स्वतः अव्वल खेळाडू. झॅक शार्प स्टर्न कंपनीत विपणनाचे काम पाहतात. खेळाडू, नियमकर्ते आणि कारखानदार एकाच पंगतीत बसलेले असण्याची या खेळाला सवय आहे. एवढ्या छोट्या जगात ते टाळणेही कठीण.

कोणत्याही स्पर्धेचे गुण तिथे कोण आणि किती खेळले आणि किती डाव झाले यावर ठरतात. अर्थपूर्ण डाव पंचवीस झाले की साधारणपणे स्पर्धेला पूर्ण मूल्य मिळते. मिळालेले गुण पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी पाऊण, तिसऱ्या वर्षी निम्मे आणि त्यानंतर शून्य धरतात, म्हणजे जुन्या पुण्याईवर वर राहता येत नाही. क्रमवारीत नोंद झालेल्या खेळाडूंची संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. या हिशेबाची एक वाईट सवयही लागली. स्पर्धा कशी रंगेल यापेक्षा ती पंचवीस डावांची कशी होईल याचा विचार आयोजक आधी करू लागले. उत्तर अमेरिकेत संघटनेने माणशी एक डॉलर शुल्क आकारायला सुरुवात केली तेव्हा तर मोठा गदारोळ झाला. त्या पैशातून राज्य अजिंक्यपदांची बक्षिसे दिली जातात. डॉलर फार नव्हता, पण दारूच्या गुत्त्यात मित्रांनी भरवलेल्या सामन्यालाही नोंदवही आली, हे अनेकांना खुपले.

पंचांचे काम या खेळात विचित्र असते, कारण त्यांना माणसांपेक्षा यंत्रांचे खटले जास्त सोडवावे लागतात. चेंडू अडकला तर खेळाडूने यंत्र बडवायचे नसते. हात वर करून पंचाला बोलवायचे असते. पंच किल्लीने दार उघडतो, काच सरकवतो, चेंडू सोडवून फ्लिपरपाशी आणून ठेवतो आणि काच लागली की खेळ पुढे सुरू. यंत्राच्या दोषाने चालता चेंडू एकाएकी गेला तर तो मोठा बिघाड, आणि डाव संपल्यावर खेळाडूला एक चेंडू भरून मिळतो. किरकोळ बिघाड सोसायचा असतो. दुसऱ्याच्या पाळीवर चुकून बटण दाबून खेळलेला खेळाडू त्या डावातून बाद होतो. अनुभवी खेळाडूंकडूनही हे घडते, कारण चार माणसे एकाच यंत्राभोवती घोळका करून उभी असतात आणि आता कोणाचा नंबर हे यंत्राच्या एका लुकलुकत्या आकड्यावरून ओळखायचे असते.

घोळका म्हटला तरी त्यातल्या कोणाला काही धड दिसत नाही, ही पिनबॉलची मूळ अडचण. फळी खेळाडूच्या पुढ्यात, वरून काच, काचेवर दिव्यांचे प्रतिबिंब आणि मध्ये खेळाडूची पाठ. शेजारी उभे राहून फार तर अर्धी फळी दिसते. लांबून पाहणाऱ्याला फक्त पाठमोरा माणूस आणि खडखडाट. हा खेळ प्रेक्षणीय करायचा तर कोणीतरी खेळाडूच्या डोक्यावरून खाली पाहायला हवे होते. ते काम कॅमेऱ्याने केले. ‘पापा’ने आपल्या अंतिम फेऱ्या इंटरनेटवर दाखवायला सुरुवात केली आणि प्रक्षेपणाची आजची घडी तिथेच बसली. पुढे ट्विच हे थेट प्रक्षेपणाचे व्यासपीठ आले. ॲमेझॉनने २०१४ मध्ये ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतले ते व्हिडिओ खेळांच्या जोरावर. त्याच्या एका कोपऱ्यात पिनबॉलवाल्यांनी बस्तान मांडले.

प्रक्षेपणाच्या सामग्रीत कमीत कमी तीन कॅमेरे लागतात. एक फळीवर, एक गुणफलकावर, एक खेळाडूच्या चेहऱ्यावर. फळीवरचा कॅमेरा लांब दांड्यावर किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवर अशा बेताने टांगतात की खेळाडूचे डोके मध्ये येत नाही. फळी रुंदीच्या दुपटीहून लांब आणि पडदा आडवा, म्हणून पुष्कळजण कॅमेराच काटकोनात फिरवून लावतात आणि संगणकावर चित्र उभे करतात. उरलेल्या जागेत चेहरा, गुण आणि खेळाडूंची नावे बसतात. चेंडू फार वेगाने धावतो. सेकंदाला तीस चित्रांच्या कॅमेऱ्यात तो चांदीच्या फराट्यासारखा उमटतो, साठ चित्रे घेतली की चेंडू म्हणून दिसतो. सगळ्यात छळतो तो प्रकाश. खोलीत उजेड ठेवला तर काचेत छताचे दिवे दिसतात. अंधार केला तर यंत्राचे स्वतःचे दिवे कॅमेऱ्याला आंधळा करतात, कारण मल्टिबॉल, म्हणजे एकदम अनेक चेंडूंचा खेळ, सुरू होताच सगळी फळी लखलखते आणि लगेच काळोखी होते. म्हणून कॅमेऱ्याची आपोआप जुळवणी बंद करून प्रकाशाचे प्रमाण हातानेच बांधून टाकतात आणि शक्य तिथे प्रतिबिंब न पडणारी काच बसवतात. नव्या फेरीत खेळाडू दुसऱ्या यंत्राकडे गेले की हा सगळा संसार उचलून तिकडे न्यायचा. ही कामे करणारे बहुतेक स्वयंसेवक असतात आणि मोठ्या स्पर्धेच्या दिवशी त्यांना स्वतःला खेळायला वेळ मिळत नाही.

गुण पडद्यावर आणणे हेही सोपे नाही. जुने यंत्र बाहेर कोणतीही माहिती पाठवत नाही, तेव्हा त्याच्या फिरत्या आकड्यांवर कॅमेरा रोखणे किंवा कोणीतरी आकडे टंकत बसणे एवढेच उपाय. स्टर्नने २०२१ मध्ये आपली नवी यंत्रे इंटरनेटला जोडली. खेळाडू यंत्राला आपल्या फोनवरचे चिन्ह दाखवतो आणि त्याची कामगिरी त्याच्या खात्यात जमा होते. सामन्यांच्या जोड्या, निकाल आणि क्रम यांसाठी ‘मॅच प्ले’सारख्या प्रणाली आल्यापासून घरी बसलेल्या माणसाला न दाखवलेल्या यंत्रांवर काय चालले आहे तेही कळू लागले.

चित्र मिळाले तरी अर्थ लागतोच असे नाही. एकेका आधुनिक यंत्राचे नियम पन्नास पानांचे होतील एवढे गुंतागुंतीचे असतात. खेळाडू डावीकडचा सोपा चढाव सोडून पुन्हा पुन्हा अवघड लक्ष्यामागे का लागला आहे, हे समालोचकाने सांगितले नाही तर प्रेक्षक पाच मिनिटांत उठून जातो. चांगल्या प्रक्षेपणात समालोचक स्वतः स्पर्धक असतो, नुकताच हरून माइकपाशी येऊन बसलेला. या बाबतीत बोवेन केरिन्सचे नाव आधी घ्यावे लागते. १९९४ चा ‘पापा’ विजेता, पेशाने गणिताच्या अभ्यासक्रमांचा लेखक. ‘पापा’साठी त्याने एकेका यंत्रावर शिकवणीच्या चित्रफिती केल्या. तो एक डाव खेळतो आणि खेळता खेळता प्रत्येक निवडीचा हिशेब मांडतो. इथे जोखीम किती, बदल्यात काय मिळेल, मागे पडलो असतो तर काय केले असते. पूर्वी ही विद्या मोठ्या शहरांतल्या आर्केडमध्ये वर्षानुवर्षे घालवूनच मिळत असे. या चित्रफितींनी ती गावोगाव पोचवली, आणि मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या पोरांनाही उत्तम खेळ समोर ठेवून शिकता येऊ लागले. प्रक्षेपणाचा सर्वांत मोठा फायदा हाच झाला. प्रेक्षकसंख्या त्यामानाने बेताचीच राहिली.

स्पर्धेचे प्रक्षेपण आणि एकट्याचे प्रक्षेपण या दोन वेगळ्या कला आहेत. पहिल्यात सामना मोठा, दुसऱ्यात माणूस. शिकागोचा जॅक डेंजर ‘डेड फ्लिप’ या नावाने वर्षानुवर्षे यंत्रांवर खेळत, प्रेक्षकांशी गप्पा मारत राहिला आणि नव्या यंत्राची पहिली ओळख त्याच्या पडद्यावर व्हावी इतके त्याचे वजन वाढले. बफेलोचे ‘बफेलो पिनबॉल’, कॅलिफोर्नियातले ‘आयई पिनबॉल’, विस्कॉन्सिनचे ‘फॉक्स सिटीज पिनबॉल’ ही याच वाटेवरची नावे. शेवटच्या दोघांनी मोठ्या स्पर्धा दाखवण्याचा भार उचलला.

मध्येच एक कायद्याची ठेच लागली. यंत्रांचे विषय उसने असतात, चित्रपट किंवा रॉक बँड. मेटॅलिका, आयर्न मेडन, लेड झेपलिन, रश यांच्या नावांची यंत्रे निम्मी त्यांच्या संगीतावरच उभी आहेत. यंत्र विकत घेणाऱ्याला ते गाणे ऐकण्याचा हक्क मिळतो, जगाला ऐकवण्याचा नाही. २०२० मध्ये ट्विचवर स्वामित्वहक्काच्या नोटिसांचा पाऊस पडला तेव्हा प्रक्षेपकांनी जुन्या फिती पुसल्या आणि यंत्रांचा आवाज बंद केला. गाण्याच्या यंत्रावर मुका सामना चालला आहे असे दृश्य तेव्हापासून नवीन राहिलेले नाही.

त्याच वर्षी महामारीने स्पर्धाच थांबल्या. संघटनेने क्रमवारीचे गुण देणे स्थगित केले ते २०२१ पर्यंत. लोकांनी तळघरातल्या यंत्रांवर कॅमेरे लावले आणि घरच्या घरी सामने केले, पण त्यात एक खोट राहिलीच. दोन घरांतली एकाच नावाची दोन यंत्रे कधीही सारखी नसतात. एकाची फळी अर्धा अंश जास्त उतरती, दुसऱ्याचे रबर थकलेले, तिसऱ्याचा लोलक ढिला. बुद्धिबळ पडद्यावर गेले तसा पिनबॉल जात नाही. सामना व्हायचा तर माणसांनी एका यंत्रापाशी यावेच लागते.

पैसा या खेळात कधी फार आला नाही. मोठ्या स्पर्धेतही विजेत्याची कमाई प्रवासखर्च आणि थोडी शिल्लक एवढी असते. निव्वळ बक्षिसांवर पोट भरणारा खेळाडू सापडणे अवघड. फायदा वेगळ्या दाराने आला. कारखान्यांनी आपली माणसे याच मैदानातून उचलली. नव्वदच्या दशकातला ‘पापा’ विजेता लायमन शीट्स ‘मिडीव्हल मॅडनेस’सारख्या यंत्रांचा प्रोग्रॅमर होता. अनेकदा जगज्जेता ठरलेल्या कीथ एल्विनने घरी ‘आर्चर’ नावाचे यंत्र स्वतः बनवले. त्याची मांडणी पाहून स्टर्नने त्याला कामावर घेतले आणि तीच मांडणी २०१८ च्या ‘आयर्न मेडन’मध्ये आली. त्यानंतरची त्याची ‘जुरासिक पार्क’ आणि ‘गॉडझिला’ ही यंत्रे खेळाडूंच्या खास आवडीची आहेत. चेंडू वेगाने परततो, फटक्यातून फटका निघतो आणि चुकीला लगेच शिक्षा होते. स्पर्धकाने स्पर्धकांसाठी काढलेला हा आराखडा, घरगुती ग्राहकाला मात्र तो कधी कधी निर्दय वाटतो. जॅक डेंजरही प्रक्षेपकाचा आराखडाकार झाला. २०२३ चे ‘फू फायटर्स’ त्याचे. रेमंड डेव्हिडसन हा क्रमवारीतला अव्वल खेळाडू स्टर्नमध्ये प्रोग्रॅमर म्हणून गेला. आता नव्या यंत्राची किंमत साधारण सात हजार डॉलरपासून सुरू होते आणि ग्राहकांमध्ये घरी घेणारे पुष्कळ असतात. अशा ग्राहकाला विकत घेण्यापूर्वी यंत्र पाहायचे असते आणि ते तो प्रक्षेपणात पाहतो. कंपन्या प्रक्षेपकांना जपतात त्याचे कारण हे आहे.

खेळणारे कोण, याचे चित्रही बदलते आहे. यंत्रे जुन्या पिढीची, पण विजेते नव्या पिढीचे. २०१७ मध्ये ‘पापा’ची विसावी जागतिक स्पर्धा एशर लेफकॉफ या १३ वर्षांच्या मुलाने जिंकली. कॅनडाचा रॉबर्ट गॅग्नो २०१६ चा जगज्जेता. स्वमग्नतेसह वाढलेल्या या खेळाडूवर ‘विझर्ड मोड’ हा माहितीपट निघाला. बायकांची संख्या मात्र बराच काळ अगदी तुटपुंजी होती. २०१३ मध्ये ओकलंडला ‘बेल्स अँड चाइम्स’ ही महिलांची लीग सुरू झाली आणि तिच्या शाखा इतर शहरांत निघाल्या. संघटनेनेही महिलांची वेगळी क्रमवारी ठेवली. वेगळी क्रमवारी हवी का, यावर वाद आहेच, कारण या खेळात ताकदीचा प्रश्न फारसा येत नाही. पण पाठी वळवून उभ्या असलेल्या वीस पुरुषांच्या घोळक्यात शिरण्याचे दडपण दूर करायला त्या लीगांचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही.

भारतात खरी यंत्रे तुरळक आणि स्पर्धेची परंपरा नाही. मराठी वाचकाची या खेळाशी ओळख बहुधा विंडोज एक्सपीतल्या ‘स्पेस कॅडेट’ या पिनबॉलमुळे असेल. कचेरीत साहेब बाहेर गेले की उघडायचा आणि सायबर कॅफेत इंटरनेट गेले की खेळायचा. त्या खेळात टेबल हलवायच्या कळाही होत्या आणि फार हलवले की टिल्टही होत असे, पण त्या कळा फार थोड्यांना ठाऊक होत्या.

अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे जाणाऱ्या वाचकांना मात्र खरे यंत्र सहज गाठता येईल. न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कचे सिल्व्हरबॉल संग्रहालय आणि सॅन फ्रान्सिस्कोजवळ अलामेडातले पॅसिफिक पिनबॉल संग्रहालय या दोन ठिकाणी प्रवेशाचे पैसे एकदा भरले की यंत्रांत नाणी टाकावी लागत नाहीत. बहुतेक मोठ्या शहरांत आठवड्याला एखादा तरी खुला सामना असतो, त्याला ना पात्रता लागते ना वयाची अट, यंत्रे दारूच्या ठिकाणी असली तर तेवढा नियम पाहावा. पहिल्याच सामन्यानंतर खेळाडूचे नाव जागतिक क्रमवारीत चढते, आणि ते पाहण्यासाठी बहुधा यादीच्या तळापासून वर जावे लागते.